रिंकला रंग शेवटी द्या, आधी पाणी कुठे जातं ते बघा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. सोलापूर जिल्ह्यातल्या तुमच्या गावी नगरपरिषदेच्या बागेत ४० बाय २० मीटरची उघडी स्केटिंग रिंक आहे, २००९ सालची. पस्तीसेक मुलं तिथे संध्याकाळी इनलाइन हॉकी, म्हणजे एका ओळीत चाकं असलेले स्केट घालून हॉकी, खेळतात. कोब्याला भेगा पडल्यात, एका कोपऱ्यात पाऊस थांबल्यावर दोन-दोन दिवस पाणी साचून राहतं, एका गोलसमोर पापुद्रे निघालेत आणि भोवती नुसतं पाइपचं रेलिंग आहे. पालकांची वर्गणी आणि नगरपरिषदेचा निधी मिळून सात लाख जमतील. एक ठेकेदार इपॉक्सी (रेझिनचा गुळगुळीत थर) करा म्हणतो, दुसरा प्लास्टिकच्या टाइल टाका म्हणतो. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली चोवीस वर्षं फ्लोअरिंगची कामं करतो. बहुतेक गोदामं आणि कारखाने, पण त्यात बॅडमिंटन कोर्ट आणि सात-आठ स्केटिंग रिंकही झाल्या. माझी मुलगी सहा वर्षं गोलकीपर होती, त्यामुळे रिंककडे ठेकेदाराच्या नजरेने आणि बापाच्या नजरेने असं दोन्हीकडून बघायची सवय लागली. त्यावरून सांगतो : सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघेही वरच्या थराबद्दल बोलतायत आणि तुमचं दुखणं खाली आहे. पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि खालची जमीन स्लॅबला हलवते का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय वर काहीही घातलं तरी दोन पावसाळ्यांत तुम्ही पुन्हा इथेच असाल.

हे मी चूक करून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका तालुक्याच्या गावी मी अशाच रिंकवर फेब्रुवारीत इपॉक्सी केलं. काम आरशासारखं झालं, उद्घाटनाला सगळे खूश. जुलैत फोन आला. जाऊन बघितलं तर पृष्ठभागावर वाटीएवढे फुगे आलेले, बोटाने दाबले की आत पाणी हलायचं. एक फोडला तर खाली ओलं काँक्रीट. स्लॅबखाली प्लास्टिकचा कागद घातलेला नव्हता, जमिनीतला ओलावा वर येत होता आणि मी वरून झाकण लावलं होतं. ते सगळं लावायला जेवढे दिवस लागले, त्याहून जास्त खरवडून काढायला लागले, आणि मुलांचा सीझन गेला तो गेलाच. तेव्हापासून मोजमाप केल्याशिवाय मी दरसुद्धा सांगत नाही.

आता तुमच्या रिंकवर काय काय तपासायचं ते सांगतो. यातलं बहुतेक तुम्ही पालक मिळून एका रविवारी करू शकता.

सकाळी रिंक स्वच्छ झाडून घ्या आणि टँकरने किंवा बागेच्या पाइपने सगळीभर पाणी सोडा. पाणी बंद केल्यावर तासभर थांबा. मग जिथे पाणी उरलंय त्या प्रत्येक डबक्याच्या कडेने खडूने रेघ मारा आणि मध्यभागी पाच रुपयांचं जाड नाणं आडवं ठेवा. नाणं बुडलं तर खोली सुमारे दोन मिलिमीटरच्या वर आहे. नाणं उघडं राहत असेल तर ते डबकं तासा-दोन तासांत वाळेल, त्यावर पैसे घालू नका. बुडालेल्या डबक्यांचा कागदावर नकाशा काढा. हा नकाशा तुमच्या हातात असेल तर ठेकेदार "पूर्ण लेव्हलिंग करावं लागेल" असं मोघम बोलू शकत नाही.

वाळल्यावर तीन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी घेऊन बसा. कोणत्याही गवंड्याकडे मिळेल. पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवत जा आणि तिच्याखाली फट कुठे पडते ते बघा. तीन मीटरला तीन मिलिमीटरपर्यंत फट असली तर खेळाला चालतं. पाच-सहाच्या वर गेली की पक (या हॉकीत चेंडूऐवजी असते ती चपटी चकती) उडतो. जुन्या आयपीएस कोब्यात (जागेवर ओतून घोटलेल्या सिमेंटच्या जमिनीत) दोन चौकोनांच्या मध्ये काचपट्ट्या घालत; त्या काही ठिकाणी वर आलेल्या असतील. बोट फिरवून बघा, टोचतात. चाकाला त्या प्रत्येक वेळी टक् करून लागतात आणि वेगात असलेलं पोर तिथेच तोंडावर पडतं.

तिसरी तपासणी कानाने करायची. छोट्या हातोडीने किंवा लोखंडी साखळी ओढत सगळीकडे आवाज ऐका. खणखणीत आला तर थर खालच्या काँक्रीटला धरून आहे. बद्द आला तर वरचा थर सुटलाय किंवा स्लॅबखाली पोकळी झालीय. गोलसमोरच्या पापुद्र्यांभोवती बद्द आवाज किती दूरपर्यंत जातो ते खडूने आखा. डोळ्यांना हातभर दिसणारी जागा कानाला बहुतेक वेळा दुप्पट निघते.

या पापुद्र्यांबद्दल एक विचारतो. तुमच्या बागेत लग्नाचे किंवा गणपतीचे मंडप पडतात का? मी बघितलेल्या दोन रिंकवर गोलसमोरचा भाग असाच उडाला होता, आणि कारण निघालं आचाऱ्याची भट्टी. काँक्रीटवर थेट भट्टी पेटवली की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि वरचा थर ताटाएवढ्या पापुद्र्यांनी सुटतो. जवळच पहारीने पाडलेली भोकंही असतील, नंतर कोणीतरी मातीने बुजवलेली. असं असेल तर दुरुस्तीआधी नगरपरिषदेकडून लेखी घ्या की रिंकवर मंडप आणि चूल लागणार नाही. ते मिळालं नाही तर बाकीचा खर्च कशासाठी करायचा?

चौथी तपासणी रात्रभराची. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, किमान सोळा तास ठेवा. रिंकवर चार-पाच ठिकाणी करा, त्यातला एक तुकडा पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद पडलेलं दिसलं, तर त्या स्लॅबवर इपॉक्सीचा विषय तिथेच संपला. हे मे महिन्यात करू नका, तेव्हा सगळंच कोरडं दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की करा.

आता भेगांकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत खरा निर्णय तिथे आहे. सोलापूरकडची जमीन म्हटली की काळी माती आधी डोक्यात येते. तुमच्या बागेखाली मुरूम असेल तर चांगलंच, पण ते गृहीत धरू नका. रिंकच्या कडेला हातभर लांब आणि तीन-चार फूट खोल खड्डा घेऊन बघा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. गंमत म्हणजे स्लॅबच्या मधल्या भागाखालची माती वर्षभर जवळपास सारखीच ओली राहते, कारण वरून झाकलेली असते. कडेची मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बसते. म्हणून मधला भाग स्थिर आणि कडेचे चौकोन वरखाली, असा खेळ दरवर्षी चालतो. कडेपासून तीन-चार मीटर आत, कडेला समांतर अशी लांब भेग दिसत असेल तर बहुधा हेच चाललंय.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे कळायला सोपा उपाय आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी अॅरल्डाइटने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. खेळणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही अशी कडेची जागा निवडा. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय. शिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना एक-एक बारीक खूण करून अंतर मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये मोजा. एका ठिकाणी मला मेमध्ये भेगेत करंगळी जात होती आणि ऑगस्टात नखही जाईना. अशा भेगेत सिमेंट भरणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात शेजारी नवी भेग पाडणं. स्लॅबला आकसायला-फुगायला तीच एक जागा होती, ती आपण बंद केली.

मेलेली भेग असेल तर ती साफ करून पातळ इपॉक्सी आत सोडायचं, वरून घासून सपाट करायचं, विषय संपला. जिवंत भेगेला मात्र जोड म्हणूनच वागवायचं. कटरने ती सरळ आठ-दहा मिलिमीटर रुंद कापायची, तळाशी फोमची दोरी बसवायची आणि वरून सीलंट भरायचं. इथे एक बारकावा आहे, तो इमारतीची कामं करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. गच्चीवर वापरतात ते मऊ सीलंट इथे चालत नाही. स्केटचं चाक जेमतेम २४ मिलिमीटर रुंद आणि टेकतं त्याहून कमी जागेवर. मऊ सीलंटमध्ये ते दबतं, जोडाच्या धारेवर आपटतं आणि वर्षभरात धार फुटून जोड दुप्पट रुंद होतो. म्हणून अर्धकठीण भरण मागा, कठीणपणाच्या शोअर ए मापाने ८० च्या पुढचं. गंमत अशी की स्केटच्या चाकांचा कठीणपणाही याच मापात मोजतात. गुळगुळीत जमिनीवर मुलं ७४ ते ७८ ची मऊ चाकं लावतात, उघड्यावर ८२-८५ ची. जोडातलं भरण चाकाइतकंच कठीण असलं की चाकाला जोड जाणवत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि जमीन काळी निघाली तर खर्चाचा पहिला रुपया रिंकच्या बाहेर घालायचा. हे पालकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं, पण मी दर वेळी आग्रह धरतो. रिंकच्या चारही बाजूंना साधारण दीड मीटर रुंद काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि त्याच्या पलीकडे गटार. शेजारच्या हिरवळीचं किंवा फुलांच्या वाफ्याचं पाणी स्लॅबच्या कडेला मुरत असेल तर ते वाफे हलवा. मोठं झाड जवळ असेल तर तोडा असं मी म्हणणार नाही, सावलीची किंमत सोलापुरात कोण नाकारेल, पण रोज पाणी द्यायचं आळं रिंकच्या कडेला नको. कडेच्या मातीतला ओलावा वर्षभर सारखा राहिला की स्लॅबची हालचाल बरीच कमी होते. हा पट्टा फोटोत दिसत नाही, त्याचं उद्घाटनही होत नाही, पण रिंक टिकते ती त्याच्यामुळे.

पाणी साचणाऱ्या कोपऱ्याचं काय करायचं, ते खोलीवर ठरेल. पाच ते वीस मिलिमीटर खोलगट भाग असेल तर तो भरता येतो, पण पद्धत पाहिजे. खोलगट भागाच्या कडेने चौकोनी काप घ्यायचा, आठ-दहा मिलिमीटर खोल, म्हणजे नवा माल कुठेही शून्यावर जात नाही. आतला पृष्ठभाग खरवडायचा, धूळ काढायची, पाण्याने भिजवून वरचं पाणी पुसून घ्यायचं, एसबीआर लॅटेक्सचा (सिमेंट धरून ठेवणाऱ्या रबरी द्रवाचा) हात मारायचा आणि तो ओला असतानाच लॅटेक्स घातलेला बारीक माल भरायचा. गवंडी साधं सिमेंट-वाळू पसरून कडा पातळ घोटून देतो ना, ती कड पहिल्या महिन्यात चाकाखाली पत्र्यासारखी उठते. तुमच्या रिंकवर आधी कोणी असा ठिगळ लावला असेल तर त्याची कड नक्की उठलेली असणार.

खोली पन्नास मिलिमीटरच्या आसपास असेल, म्हणजे तो कोपराच खचला असेल, तर तेवढे चौकोन तोडून खालचा मुरूम पुन्हा कुटून नव्याने ओतणं स्वस्त पडतं. सगळ्या रिंकवर नवा शंभर मिलिमीटरचा थर घालायचा झाला तर ८० घनमीटर काँक्रीट लागेल, मिक्सरच्या तेरा-चौदा गाड्या, आणि रेलिंग, दार, गटार सगळं वर उचलावं लागेल. सात लाखांत ते बसवायला गेलात तर कुठेतरी कापाकापी होणार आणि ती काँक्रीटच्या दर्जातच होते. म्हणून तुमच्या वर्णनावरून तरी मी पूर्ण नव्या थराचा सल्ला देत नाही. निम्म्याहून जास्त चौकोन हातोडीला बद्द वाजले, तरच हा विचार करा. आणि मग पैसे जमेपर्यंत थांबा.

जे चौकोन नवे कराल ते एम-३० प्रतीच्या काँक्रीटने, ट्रीमिक्स पद्धतीने करून घ्या. व्हॅक्यूमने जास्तीचं पाणी ओढून घेतात आणि मग यंत्राने घोटतात, त्यामुळे वरचा थर कठीण होतो. खाली प्लास्टिकचा कागद पाहिजेच. ओतल्यावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी ग्रूव्ह कापायचे, जाडीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश खोल, तीन-तीन मीटरवर. त्याहून उशीर केला तर काँक्रीट स्वतःच भेग पाडून घेतं, आपल्याला विचारत नाही. पाणी मारणं पीपीसी (पोझोलाना) सिमेंटला किमान १० दिवस, तुमच्याकडच्या कोरड्या हवेत १४ दिवस. गोणपाट टाकून ओलं ठेवा, दिवसातून दोनदा पाइप फिरवून भागत नाही. हे सगळं दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर करायचं. एप्रिलच्या वाऱ्यात वरचं पाणी इतक्या झपाट्याने उडतं की घोटाई संपायच्या आत केसासारख्या भेगा दिसायला लागतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नातला वरचा थर.

तुमची रिंक ८०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८,६०० चौरस फूट. सगळे सात लाख फक्त पृष्ठभागावर घातले तरी चौरस फुटाला ८१ रुपये येतात आणि पट्टा, गटार, कठडा यांना काही उरत नाही. ठेकेदाराशी बोलताना हा आकडा डोक्यात ठेवा. दर दहा रुपयांनी वाढला की ८६ हजार वाढले.

इपॉक्सी बंद हॉलमध्ये उत्तम, उघड्यावर नाही. उन्हाने पिवळं पडतं, वर पांढरी भुकटी धरतं, ओलाव्याने फुगतं. वरून पॉलियुरेथेनचा थर दिला तर ऊन सोसतं, पण खालून येणारा ओलावा त्यालाही सोसत नाही.

टाइलला मी सरसकट नाही म्हणत नाही. इनलाइन हॉकीसाठी त्या जगभर वापरतात, पक त्यांवर छान सरकतो, पडलं तर सिमेंटपेक्षा गुडघ्याला बरं. पण त्यांना खालची जमीन सपाट लागते. खड्ड्यावर टाइल लवते, पकचा आवाज बदलतो आणि काही महिन्यांत टाइल एकमेकींत अडकवणाऱ्या कड्या तुटतात. दुसरं, उष्णता. ३० अंशांच्या फरकाने ४० मीटर काँक्रीट जेमतेम १२ मिलिमीटर वाढतं. टाइलचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, सुमारे दहापट, म्हणजे वीतभराच्या निम्म्याहून जास्त. कडेला तेवढी मोकळी जागा ठेवली नसेल तर मेच्या दुपारी टाइलचा डोंगर उभा राहतो. मी तो बघितलाय, गुडघ्याएवढा. तिसरं, टाइलखाली माती आणि पाला जमतो आणि दर वर्षी उचलून धुवायला लागतो. हे करणारं कोणी कायमचं असेल आणि खालचा स्लॅब दुरुस्त झालेला असेल तर पुढे तीन-चार वर्षांनी टाइल जरूर घ्या.

मग सध्या काय? तुमच्या पैशात आणि तुमच्या जमिनीवर मी हे करीन : सगळी रिंक हिऱ्याच्या ग्राइंडरने घासायची, आधी जाड दाण्याने, मग ६० आणि शेवटी १२० पर्यंत. वर आलेल्या काचपट्ट्या, ठिगळांच्या कडा, जुना सुटा थर यात निघून जातो. मग सिलिकेटचं हार्डनर मुरवायचं, त्याने भुकटी उडणं थांबतं. हे काँक्रीटमध्ये शिरतं, वर पापुद्रा धरत नाही, त्यामुळे ओलावा अडत नाही आणि फुगे येत नाहीत. घासताना व्हॅक्यूम लावलेलं यंत्र किंवा पाणी वापरायला लावा, कामगारांना नीट मास्क द्या. ती धूळ सिलिकाची असते आणि फुप्फुसात बसली की निघत नाही. हे काम मुलं खेळत असताना चालू देऊ नका.

रंग हवाच असेल तर अॅक्रिलिकचा घ्या, टेनिस कोर्टवर देतात तो. तो थोडा श्वास घेतो. पण ठेकेदार टेनिसच्या प्रमाणात वाळू घालून देतो आणि तिथे घोटाळा होतो. टेनिसला खरखरीत पृष्ठभाग लागतो. इनलाइनचा पक फक्त छोट्या नायलॉनच्या बटणांवर सरकत असतो. खरखरीवर तो अडखळून उभा राहतो आणि चाकासारखा धावत सुटतो. मुलं मग पक सोडून चेंडूने खेळतात आणि आपल्याला वाटतं त्यांना चेंडू आवडतो. शिवाय अशा पृष्ठभागावर चाकं खडूसारखी झिजतात आणि तो खर्च प्रत्येक घराला दर सीझनला पडतो. म्हणून आधी तीन बाय तीन मीटरचा नमुना करून घ्या, आठवडाभर मुलांना त्यावर वळायला, ब्रेक मारायला, पक ढकलायला सांगा आणि मगच पुढचं काम सोडा. मुलांचं मत माझ्यापेक्षा खरं निघतं.

खेळाच्या रेघा पातळ रंगाच्या हव्यात. रस्त्यावरच्या झेब्रा पट्ट्यांचा गरम थर्मोप्लास्टिक रंग कोणी सुचवला तर नको म्हणा. तो दोन-तीन मिलिमीटर जाड बसतो आणि पक प्रत्येक रेघेवर उडी मारतो.

कठड्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मला मात्र त्याचीच जास्त काळजी वाटली. पाइपच्या रेलिंगखालून घसरत जाणारं मूल मी बघितलंय. पाय दोन पाइपांमध्ये अडकला आणि अंग पुढे गेलं. घोट्याचं हाड मोडलं. नंतर त्या रिंकच्या पालकांनी महिनाभरात पत्रे ठोकले, पण पत्र्याच्या कडेने पुढच्या मुलाचा हात कापला. रेलिंग आहे ते काढायची गरज नाही, तेच सांगाडा म्हणून वापरा. आतल्या बाजूने एचडीपीईचे (टणक प्लास्टिकचे) दहा-बारा मिलिमीटर जाड तक्ते लावा, एक मीटर ते चार फूट उंच. प्लायवूड स्वस्त पडतं पण उघड्यावर कडेने पाणी पिऊन फुलतं. बोल्टची डोकी आत बुडवलेली हवीत आणि भोकं लांबट ठेवा, कारण हे प्लास्टिकही उन्हात वाढतं. चारही कोपरे तीनेक मीटर त्रिज्येत गोल करा, काटकोनात पक आणि पोरं दोन्ही अडकतात. गोलाई धरून एकूण ११५ मीटर कठडा होतो. पैसे कमी पडले तर आधी दोन्ही टोकं आणि चार कोपरे करा, लांब बाजू पुढच्या वर्षी. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि उंबऱ्याशिवाय.

तक्त्याच्या तळाशी किती फट ठेवायची, यावर वाद होतो. पाणी बाहेर जायला फट पाहिजे, पण पक जाता कामा नये. पक २५ मिलिमीटर जाड असतो, चाक २४ रुंद. मी १२ ते १५ मिलिमीटर ठेवतो. पाणी जातं, पाला झाडूने बाहेर ढकलता येतो, पक आणि चाक आतच राहतात.

गोलांच्या मागे चाळीस मिलिमीटर भोकांची नायलॉन जाळी उंच बांधा, बागेत फिरणाऱ्या आजी-आजोबांसाठी. दिव्यांचे खांब कठड्याच्या बाहेर, अर्थिंग आणि गळती-प्रवाहाचा ब्रेकर न चुकता. यावर जास्त लिहीत नाही, तुमच्या गावातला लायसन्सवाला वायरमन हे बघेल.

खर्चाचा क्रम एकदा सलग सांगतो. आधी गटार आणि कडेचा पट्टा, मग बद्द वाजणारे आणि खचलेले चौकोन, मग भेगा आणि जोड, मग घासणं आणि हार्डनर, मग टोकांचा कठडा. रंग शेवटी, पैसे उरले तर. पट्टी आणि खड्ड्याचे निकाल आल्यावर यातला एखादा टप्पा लहान-मोठा होईल, क्रम मात्र मी बदलणार नाही.

नगरपरिषदेची निविदा निघणार असेल तर कामाच्या वर्णनात "स्केटिंग रिंक दुरुस्ती" एवढंच जाऊ देऊ नका. तीन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटर, पाणी सोडून तासाभराने नाणं बुडता कामा नये, जोडातलं भरण शोअर ए ८० च्या पुढचं, नमुन्याला खेळाडूंची संमती, आणि बिलाचा दहा टक्के भाग पहिला पावसाळा पार पडल्यावर, असं लिहून घ्या. अभियंता साहेबांना आधी भेटलात तर ते बहुधा आनंदाने घालतात. त्यांनाही पुन्हा तक्रारी नको असतात. फक्त निविदा निघाल्यावर जाऊ नका.

काम झाल्यावर रोजची निगा मुलांकडे द्या. खेळायच्या आधी दहा मिनिटं रुंद मॉप फिरवायचा. माझ्या मुलीच्या टीममध्ये तो मान आदल्या दिवशी गोल करणाऱ्याला असायचा, त्यामुळे कधी कोणी टाळलं नाही. चाकाखाली आलेला हरभऱ्याएवढा खडा भेगेपेक्षा जास्त मुलांना पाडतो. पावसाळ्यात शेवाळ धरलं तर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून काथ्याच्या ब्रशने घासा आणि भरपूर धुवा, आणि आत सायकल-स्कूटर येणार नाही असं दाराला कुलूप ठेवा.

सध्या एवढंच करा : पाण्याची आणि हातोडीची तपासणी या रविवारी, खड्डा सोमवारी. डबक्यांचा नकाशा, पट्टीखालचे आकडे आणि खड्ड्यातल्या मातीचा ओला व वाळलेला असे दोन फोटो इथेच टाका. माती वाळल्यावर तडकते का, ते फोटोत स्पष्ट दिसू द्या. त्यावरून कडेचा पट्टा किती रुंद घ्यायचा ते सांगतो.